सत्तावीस नंबरची कॅसेट

त्रेसष्टच आहेत. तुमच्या यादीत चौसष्ट असतील तर यादी चुकलीय — याद्या चुकतात हो, त्यात एवढे डोळे मोठे करण्यासारखं काय आहे? मोजा, पुन्हा मोजा, मला काय, मी निवृत्त माणूस, मला दुपारभर काम नाही. एक ते सव्वीस त्या खोक्यात, अठ्ठावीस ते चौसष्ट ह्या खोक्यात. सत्तावीस नाही. कुठे गेली म्हणजे काय, हरवली. तेवीस वर्षं ह्या कॅसेटी माझ्या कपाटात आहेत — विद्यापीठात आमच्या प्राध्यापकबाईंच्या खोलीचं छत गळायला लागलं तेव्हा बाई म्हणाल्या, तुमच्याकडेच असू द्या, तुम्ही नीट ठेवाल — आणि ठेवल्या मी नीट, एकीलाही बुरशी नाही, बघा उजेडात धरून — तर त्या तेवीस वर्षांत एकाही शहाण्यानं येऊन विचारलं नाही की बाबा रे, जिवंत आहेत का कॅसेटी. आता एकदम गरज पडली. रविवारी तुमच्या संग्रहालयाचं नवं दालन उघडायचं, फीत कापायची, आत ठेवायला सामान नको का? मग आठवला टायपिस्ट.

काय म्हणालात, काय नाव दालनाचं? 'स्थलांतर, वसाहतवाद, कला आणि लोकशाही'. वा! एका दमात म्हणता हो, पाठ केलंय का? चार मोठे शब्द एका पाटीवर टाकले की माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात, पाहिलंय मी. बाईंच्या व्याख्यानांना जायचो ना पूर्वी, मागच्या रांगेत बसायचो — बाई 'वसाहतवाद' म्हणाल्या की पुढची सगळी रांग माना हलवायची, ह्यांच्याच घरादारावरून नांगर फिरला होता म्हणे! एकानंही कधी बोटीच्या तळात रात्र काढली नव्हती. आणि आता तुम्ही काय करणार — भिंतीला खुंट्या, खुंटीला हेडफोन, लोक येणार, कानाला लावणार, डोळे मिटणार, 'किती सोसलं हो बिचाऱ्यांनी' म्हणणार आणि बाहेर जाऊन चहा पिणार. माझ्यासमोर नाकानं कांदे सोलू नका ताई, मला ठाऊक आहे दालन म्हणजे काय ते. गरिबाचं रडणं स्वच्छ खोलीत बसून ऐकायची सोय, दुसरं काही नाही.

मी? मी कुठला संशोधक, मी टायपिस्ट. बाईंच्या पुस्तकात उल्लेख आहे ना माझा, आभारात, शेवटून तिसऱ्या ओळीत — 'आणि कार्यालयीन साहाय्यासाठी'. नाव नाही, बरं का. बाईंच्या मांजराचं नाव आहे, खोटं वाटत असेल तर वाचून बघा, मांजरानं लिहिताना सोबत केली म्हणे. मी काय केलं? मी फक्त चौसष्ट कॅसेटी, प्रत्येकीच्या दोन-दोन बाजू, अकरा महिने कानात घातल्या. बाई मशीन घेऊन जुन्या छावणीतल्या बराकींतून हिंडायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायच्या आणि कॅसेटी आणून माझ्या टेबलावर आपटायच्या. पुढचं सगळं माझं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल — पाय दाबला की आवाज चालू, उचलला की बंद, टाच मागे टेकवली की चार शब्द मागे — आणि हात टाइपरायटरवर. तुम्हाला वाटतं ऐकायचं न् लिहायचं, त्यात काय मोठंसं? बसून बघा एकदा. म्हातारी माणसं वाक्य पूर्ण करत नाहीत. दात नसतात. मध्येच शेजारीण येते, कोंबडी येते, बाई स्वतःच मध्ये तोंड घालतात — बाईंना दुसऱ्याचं वाक्य आपणच पूर्ण करायची भारी हौस! — आणि ते सगळं नियमानं कागदावर उतरवायचं. नियम असतात हो. हसलं तर कंसात (हसते). खोकलं तर (खोकला). कळलं नाही तर (अस्पष्ट). दहा सेकंदांच्या वर गप्प राहिलं तर (मौन). मिनिटाच्या वर गेलं तर (दीर्घ मौन). हे नियम मी बसवले, बाईंनी नव्हे. आणि कॅसेटवर नाव नसायचं कुणाचं, नुसता आकडा — अमुक नंबर, स्त्री, वय सुमारे सत्तर. गोपनीयता! माणसाचं नाव झाकायचं आणि बाकी सगळं बाजारात मांडायचं, ही ह्यांची गोपनीयता.

हां, आता आलात मुद्द्यावर. सत्तावीसच का हवी — नाही, थांबा, मीच सांगतो, तुम्ही कशाला तोंड शिणवता. प्रकरण सातवं. त्या प्रकरणावर तर बाईंचा सगळा डोलारा उभा आहे. त्याला बक्षीस, त्याच्यावर परिसंवाद, पाच भाषांत गेलं ते. एक सत्तरीची बाई, नंबर सत्तावीस — जन्म समुद्रापलीकडे, साहेबाच्या मळ्यावर. तिच्या आज्याला साहेबानं बोटीत घालून नेलेलं. मग साहेब गेला, झेंडा बदलला, नवं सरकार म्हणालं, तुमचे आजे जिथून आले तिकडे चालते व्हा — मग पुन्हा बोट, मग छावणी, मग बराक. बाई तिला विचारतात, 'तुमचा थोरला मुलगा खाणीवर कसा गेला?' आणि ती गप्प बसते. साडेचार मिनिटं. आणि त्या साडेचार मिनिटांवर ह्या बाईसाहेबांनी किती पानं लिहिली, सांगा? अडतीस! मीच टाइप केलीत. 'मी तिच्यासमोर बसून होते आणि ती बोलली नाही. हे मौन म्हणजे साम्राज्याच्या प्रश्नावलीला दिलेला नकार आहे. ज्यांना कधी कुणी काही विचारलं नाही त्यांचं मौन हेच त्यांचं पहिलं मतदान.' मौन म्हणे मतदान! मग मुक्या माणसानं काय निवडणूक जिंकायची? हसू नका, लोकांनी टाळ्या वाजवल्यात ह्या वाक्याला, उभं राहून. मीही वाजवल्या, मागच्या रांगेत.

तर ते मौन तुम्हाला लोकांना ऐकवायचंय. अंधाऱ्या खोलीत, एकेकट्याला आत सोडून. अहो, मग कॅसेट कशाला हवी? कोरी लावा की! साडेचार मिनिटं कोरी फीत फिरू द्या, कुणाच्या बापाला कळणार आहे? लोक त्यावरही रडतील. मी सांगतो तुम्हाला, हुंदके देऊन रडतील.

आणि ती भिंत. भिंतीचा फोटो तर मुखपृष्ठावरच. तुम्ही तो केवढा मोठा करणार म्हणालात, मघाशी हात पसरून दाखवलात — बारा फूट? करा बाबा, पैसे सरकारचे. त्या बाईनं बराकीच्या मागच्या भिंतीवर चुन्यानं आणि निळीनं खिडक्या काढल्या होत्या. तीन खिडक्या, त्यांना पडदे, एका खिडकीत कुंडी, कुंडीत झाड. खरी खिडकी एकही नव्हती त्या बाजूला. बाई लिहितात, 'नागरिकत्व नाकारलेल्या स्त्रीनं भिंतीवर रेखाटलेलं प्रजासत्ताक'. प्रजासत्ताक! ओल होती हो भिंतीला! पावसाळा आला की हिरवं शेवाळ धरायचं, दोरीवरचे कपडे टेकले की डाग पडायचे, ते डाग मरेपर्यंत जायचे नाहीत, कामावर पोरं हसायची — म्हणून ती दरवर्षी चुना काढायची, आणि चुना काढता काढता हात शिवशिवायचा म्हणून खिडक्या. चित्र काढायला आवडायचं तिला. बस, एवढंच. सत्तर वर्षांत एखाद्यानं नुसतं 'छान काढलंयस गं' म्हटलं असतं, तर तिला ते प्रजासत्ताकापेक्षा जास्त आवडलं असतं. — काय? मला कसं माहीत म्हणजे? टाइप केलंय ना मी! कॅसेटमध्येच आहे ते ओलीचं. डागांचं — डागांचं नसेल कदाचित. ते मी असंच म्हटलं. सगळ्याच बराकींना ओल होती. पाहिल्यात मी बराकी. राहिलोय म्हणा ना, काही वर्षं. त्यात काय विशेष? अर्धं शहर राहिलंय.

नाही, बाईंना नव्हतं सांगितलं. कशाला सांगायचं? सांगितलं असतं तर मला समोर बसवून मशीन सुरू केलं असतं त्यांनी, 'मग तुम्हाला कसं वाटलं?' — आणि पासष्टावी कॅसेट झालो असतो मी. मी म्हटलं, आपण कंसाच्या बाहेर बरे. पगार वेळेवर, खुर्चीला गादी, खोलीला खरी खिडकी. आणि एक सांगतो, ही विद्वान माणसं तुम्हाला दुःख असल्याशिवाय ओळखतच नाहीत. सुखानं टायपिंग करत बसलात की तुम्ही टेबलाचा भाग.

सहावं प्रकरण वाचलंय का तुम्ही? यादीचं? नाही ना वाचलं. सातव्यावर उडी मारतात सगळे. त्यात बाई लिहितात की छावणीत सरकारनं यादी केली. नियम असा, की एका घरातून एकाला, थोरल्या मुलाला, शहरात खोली आणि कारखान्यात नोकरी, मतदार यादीत नाव. बाकीचे पुरुष दगडाच्या खाणीवर. आणि पुढे बाई म्हणतात, 'यादी हे साम्राज्यानं मागे ठेवलेलं हत्यार. यादीला चेहरा नसतो.' चेहरा नसतो! यादी काय आभाळातून पडते का हो? यादी करणारा एक माणूस असतो. टेबल असतं, डोक्यावर पत्रा तापलेला असतो, घामानं कार्बन बोटांना चिकटतो, आणि समोर एक एकोणीस वर्षांचा कारकून असतो, जो मळ्यावरच्या गोदामात टायपिंग शिकला म्हणून त्याला ह्या टेबलाशी बसवलंय. अधिकारी न वाचता सही करतो, कारण त्याला चारशे सह्या करून संध्याकाळच्या गाडीनं जायचंय. थोरल्याच्या जागी धाकट्याचं नाव टाइप करायला किती वेळ लागतो, सांगू? खरं नाव टाइप करायला लागतो तेवढाच. — नाही, हे मी उदाहरण म्हणून सांगतोय. असं होऊ शकतं, एवढंच. बाईंना ते सुचलंच नाही, चौसष्ट माणसांशी बोलून सुचलं नाही, कारण त्यांच्या पुस्तकात जे काय करतं ते साम्राज्य करतं, माणूस बिचारा काहीच करत नाही. फार सोयीचं असतं ते. मलाही सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू. त्या प्रकरणाची प्रूफं तपासताना मला इतकं बरं वाटलं होतं, इतकं बरं वाटलं होतं, की मी ती तीनदा वाचली.

अशा बघू नका माझ्याकडे. पाणी नकोय मला. बसा खाली.

बाईंना काय विचारता, त्या येणारच आहेत ना रविवारी, चाकाच्या खुर्चीतून, शाल पांघरून. त्यांनाच विचारा की त्या साडेचार मिनिटांत तुम्ही कुठे होतात? विचाराच, माझं नाव सांगून विचारा. 'मी तिच्यासमोर बसून होते' — खोटं! धडधडीत खोटं! बाई खोलीत नव्हत्याच. मी ऐकलंय ना. म्हातारी म्हणते, 'आत्ता भिंतीवर ऊन आलंय बाई, थोड्या वेळानं जाईल, फोटो काढायचा तर आत्ताच काढा. मी बसते.' मग खुर्ची सरकते, चपला वाजतात, दाराची बिजागरी किरकिरते आणि बाहेरून बाईंचा आवाज, 'जरा बाजूला व्हा, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय.' मशीन बंद करायचं राहिलं. एवढी विद्वान बाई, मशीन बंद करायचं राहिलं! परत आल्या, बसल्या, पुढचा प्रश्न. मग महिन्याभरानं मी त्यांच्यासमोर टाइप केलेले कागद ठेवले, त्यात (दीर्घ मौन), चार मिनिटं तीस सेकंद — बाईंनी वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, माझ्यासमोर. म्हणाल्या, 'मला आठवतंय. तिची बोटं गुडघ्यावर फिरत होती, नुसती फिरत होती.' भिंतीपलीकडून दिसली बोटं! त्या दिवसापासून माझा शिकलेल्या माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. एकदा, फक्त एकदा कॅसेट लावून ऐकावीशी वाटली नाही त्यांना. टायपिस्टनं कंस घातलाय म्हणजे असणारच मौन! अडतीस पानं लिहायला वेळ होता, साडेचार मिनिटं ऐकायला नव्हता.

काय?

— हो. बरोबर आहे तुमचं. बाई बाहेर होत्या आणि म्हातारी एकटी मशीनसमोर बसली होती, तर मौन असायला काय हरकत आहे, असंच विचारायचंय ना तुम्हाला? काही हरकत नाही. एकटं माणूस गप्पच बसतं. ती मात्र बसली नाही. हुशार आहात हो, संग्रहालयात वाया गेलात. बोलली ती. सलग बोलली. कंस मी घातला.

आई होती माझी. झालं समाधान?

कॅसेटवर नाव नसतं, सांगितलं ना मघाशी. पेडल दाबलं आणि कानात तिचा खोकला. खोकल्यावरून आई ओळखू येते, हे तुमच्या दालनात लिहा कुठेतरी. अकरा वर्षं ऐकला नव्हता मी तो. दादा गेल्यापासून बराकीत पाऊल टाकलं नव्हतं मी. दादा म्हणजे तो थोरला, क्रमांक सत्तावीसचा — दगड फोडायच्या यंत्रावर तेरा वर्षं, छातीत सगळी धूळच धूळ, चौतिसाव्या वर्षी संपला. आम्ही सगळे त्या सही करणाऱ्या अधिकाऱ्याला शिव्या द्यायचो. मेल्यानं नावं उलटी केली, मेल्याचे डोळे फुटले होते का. मीही द्यायचो, सगळ्यांत मोठ्यानं मीच द्यायचो. दादा सुट्टीला आला की हसायचा आणि मला म्हणायचा, 'बरं झालं रे, तुला तिथलं झेपलं नसतं, तू पहिल्यापासून अशक्त.' असं म्हणायचा आणि खोकायचा. आणि मी त्याला शहरातल्या माझ्या खोलीच्या गमती सांगायचो. हो, सांगायचो! माणूस काय काय करू शकतो ह्याला तुमच्या शास्त्रात काही नाव आहे का?

आणि म्हातारी वस्ताद. त्याच कॅसेटीत आधी बाईंना विचारते, 'हे सगळं कागदावर कोण उतरवणार?' बाई म्हणतात, 'आमच्याकडे एक टायपिस्ट आहेत, एक शब्द गाळत नाहीत.' — माझं उभ्या आयुष्यातलं एकमेव कौतुक, तेही त्या कॅसेटवर! — तर म्हातारी विचारते, 'नाव काय त्यांचं?' बाई सांगतात. आडनावसुद्धा सांगतात, तेच आडनाव, आणि तरी बाईंच्या डोक्यात उजेड पडत नाही — कारण आमच्या आज्यांच्या बोटीतल्या दोनशे माणसांना साहेबाच्या कारकुनानं एकच आडनाव लिहिलं होतं, लिहायचा कंटाळा आला म्हणून. आई त्यावर काहीच बोलत नाही. सात सेकंद. दहाच्या आत आहे, म्हणून मी कंस घातला नाही. मग म्हणते, 'बरं आहे.' मग बाई तो खाणीचा प्रश्न विचारतात, आणि त्यावर ती ते उन्हाचं काढते. कळलं का? तिनं मुद्दाम पाठवलं बाईंना बाहेर. एवढ्या मोठ्या प्राध्यापकबाईंना माझ्या निरक्षर आईनं खोलीतून घालवून दिलं, आणि बाईंना वाटलं आपण कलेचा शोध लावतोय!

चपलांचा आवाज गेला आणि ती मशीनजवळ आली. आवाज एकदम मोठा झाला ना. म्हणाली, 'ऐकतोयस ना?'

मी टाइप केलं ते. सवयीनं. 'ऐकतोयस ना' टाइप केलं आणि मग हात थांबले. 'तूच ऐकणार म्हणून सांगते. लोक म्हणतात साहेब चुकला. साहेब कशाला चुकेल, यादी तू टाइप केलीस. मला त्याच दिवशी कळलं, तू जेवला नाहीस. दादालाही कळलं होतं. त्यानं मला शपथ घातली होती, धाकट्याला ह्याच्यावरून एक शब्द बोलायचा नाही, तो तिकडे सुखानं राहू दे. आता तो गेला, शपथ त्याच्याबरोबर गेली, म्हणून बोलते.' ऐकलंत? त्याला माहीत होतं. तेरा वर्षं माहीत होतं आणि मला म्हणायचा, बरं झालं रे! मी त्याच्यासमोर बसून अधिकाऱ्याला शिव्या देतोय आणि तो हसतोय, कारण — सोडा. सोडा ते. मग म्हणाली, 'तू येत नाहीस. लाजतोस की घाबरतोस मला माहीत नाही. आता मी काय सांगते ते नीट ऐक.' आणि मी पाय उचलला.

पेडलवरून. पाय उचलला, आवाज बंद.

दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते. पुढचं मी ऐकलेलं नाही. नाही ऐकलं! मग तेवढा भाग सरायला तर हवा होता, बाई परत कधी येतात ते कळायला हवं होतं — तर हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पेडल दाबून धरलं, घड्याळाकडे बघत. टेबलावर नुसती कुजबुज कुजबुज चालली होती, शब्द एकही कळत नव्हता. ती बोलत होती आणि मी घड्याळ बघत होतो. बाईंचा चढा आवाज आला तेव्हा पुन्हा कानाला लावले. मग तो कागद फाडला, नवा घातला, उन्हाचं, चपलांचं सगळं गाळलं आणि खाणीच्या प्रश्नाखाली थेट कंस टाइप केला. बाकीची कॅसेट नेहमीसारखी. दुपारी डबा खाल्ला.

गेलो नाही मी. जाणार होतो, आधी ते पुढचं ऐकून घेतो आणि मग जातो, असं ठरवलं होतं. रोज ठरवत होतो. आठ महिन्यांनी निरोप आला ती गेल्याचा. पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी आलं, अडतीस पानं, 'मी तिच्यासमोर बसून होते आणि ती बोलली नाही.' मला खरं तर हसू यायला हवं. बाई खोट्या, मी खोटा, पाच भाषांतले वाचक मूर्ख, आणि खरं बोलणारी एकटीच, तिच्याच तोंडावर आम्ही सगळ्यांनी मिळून मौन चिकटवलं. लोकशाही म्हणे!

हरवली नाही. ही घ्या. कधीपासून खिशात आहे, तुम्ही जिना चढत होतात तेव्हापासून. पुसायला एक बटण पुरलं असतं, चोवीस वर्षांत ते दाबलं नाही मी, आणि ते दुसरं, ऐकायचं, तेही दाबलं नाही. न्या. लावा तुमच्या खुंटीला. बाईंची अडतीस पानं पाण्यात जातील, जाऊ देत. लोक माझ्या नावानं खडे फोडतील, फोडू देत, निदान नाव तरी येईल छापून. मशीन आहे का तुमच्या पिशवीत? — नको! काढू नका ते बाहेर! इथे नाही लावायची. माझ्या घरात नाही. आधी ही खोकी उचला, उचला म्हटलं ना, जड नाहीत, आणि जा. पुढचं सगळं तुम्हीच ऐका, तुमच्या त्या स्वच्छ खोलीत, सगळ्या गावाला ऐकवा. आणि हे बघा, पुढे ती मला शिव्या देत असेल, तर मला कळवू नका. आणि देत नसेल — देत नसेल तर मुळीच कळवू नका. निघा.